जात्याची काचपेटी

बाई,

शोकसभेत त्यांनी तुमचा फोटो जात्यावर ठेवला. वरच्या तळीवर पांढरा टॉवेल घातला, फोटो भिंतीला टेकवला, हार चढवला आणि खुंट्याच्या भोकात उदबत्त्या खोचल्या. तुम्ही असतात तर आधी त्या उदबत्त्या उपटल्या असत्या आणि मग सगळ्यांसमोर विचारलं असतं, "खुंटा कुठाय, सावंत?"

खुंटा माझ्या टेबलाच्या खणात होता. सभेला मोठी माणसं येणार, त्यांना जात्यात उभा केलेला क्रिकेटचा स्टंप दिसायला नको, असं अध्यक्ष म्हणाले आणि मी तो काढून ठेवला. सांगितलेलं निमूट करायची सवय तुम्ही शाळेत लावली नव्हती. ती मी नंतर स्वतः कमावली.

मग भाषणं झाली. तिघांनी तुम्हाला "चालतंबोलतं संग्रहालय" म्हटलं. तुम्ही हे आधीच ओळखून होतात. "मी मेले की कुणीतरी मला चालतंबोलतं संग्रहालय म्हणणार," असं एकदा चहा पिताना म्हणाला होतात. "म्हणणाऱ्याला ते मिठागरातलं फावडं काढून दे ठेवून." फावडं माझ्या मागच्याच भिंतीवर होतं, बाई. मी चिटणीस म्हणून मंचावर हाताची घडी घालून बसून राहिलो.

शेवटी अध्यक्षांनी जाहीर केलं, की जातं आता काचेच्या पेटीत ठेवायचं, कायमचं. पेटीवर पितळी अक्षरांत तुमचं नाव. लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि ही शोकसभा आहे हे आठवल्यावर त्या अर्ध्यात थांबल्या. अनावरणाच्या दिवशी एक छोटी स्मरणिका काढायची ठरली. "लेख सावंत लिहितील. बाईंचे लाडके विद्यार्थी."

म्हणून हे लिहितोय. तुमचा जन्म, शिक्षण, नोकरी, निवृत्ती हे सगळं स्मरणिकेच्या मागच्या पानावर आहे. ते वाचून तुम्ही कोण होतात हे कुणाला कळणार नाही, पण अध्यक्षांचं समाधान होईल. आतलं पान माझं. छापायला जाण्याआधी आमच्याकडे कुणी काही वाचत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

आज सोमवार, संग्रहालय बंद. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा आपला हॉल रिकामा आहे. पोर्तुगीज काळातल्या कौलांचे तुकडे, तोफगोळा, पायली आणि शेर, मोहन्याच्या एका कामगारानं रेयॉनच्या कारखान्याची केलेली लाकडी प्रतिकृती, सगळं जागच्या जागी आहे. खिडकीजवळ नवी काचपेटी आलीय. तिच्या कडांना अजून थर्माकोल चिकटलाय.

जातं आणायला आपण दोघं गेलो होतो ते आठवतं? डोंबिवली पश्चिमेला, खाडीकाठच्या त्या गावात. हिराबाईंचं घर पाडून तिथे टॉवर उभा राहणार होता. जुनं सामान भंगारात जायच्या आत बघून घ्या, असा निरोप आला होता. हिराबाई ओट्यावर जात्याला पाय टेकून बसल्या होत्या. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. तुम्हाला म्हणाल्या, "न्या. पन माजे नातीचे लग्नाला परत आना. तिची हलद यावरच दलाची. आनाल ना, बाय?"

"आणीन," तुम्ही म्हणालात. "मी नाही आणलं तर हा आणेल." आणि माझ्याकडे बोट दाखवलंत.

मी मान डोलावली. नात तेव्हा शाळेच्या गणवेशात उंबऱ्यावर बसून बर्फाचा गोळा चोखत होती. घरातली वस्तू देताना माणसं असं काहीबाही बोलतात, आपण हो म्हणायचं असतं आणि मग वस्तूवर पाटी लावायची असते, अशी माझी समजूत. तुम्ही मात्र ते खरं मानलंत. परत येताना रिक्षात दोन तळ्या आपल्या पायांशी होत्या, आणि तुम्ही म्हणालात, "हे आपलं नाही हं सावंत. हे आपल्याकडे राहायला आलंय."

पुढे कल्याणच्या एक बाई दोन मुलींना घेऊन संग्रहालयात आल्या आणि जात्यासमोर उभ्या राहून हळूच विचारू लागल्या, "असं जातं भाड्यानं कुठे मिळेल हो? हिची हळद आहे. आमच्या अख्ख्या सोसायटीत कुणाकडे नाही." मी तोंड उघडायच्या आत तुम्ही म्हणालात, "भाडंबिडं नाही. न्या. पण दळा. नुसती आंब्याची पानं बांधून फोटो काढलेत आणि परत आणलंत, तर तुमच्या धाकटीच्या वेळी मिळणार नाही."

रिकाम्या जागी तुम्ही पाठकोऱ्या पुठ्ठ्यावर, फळ्यावरच्या त्या टपोऱ्या अक्षरात, एक पाटी लिहून ठेवलीत: जातं लग्नाला गेलं आहे.

ती पाटी जात्यापेक्षा जास्त लोकांनी वाचली असेल. शाळेची मुलं तिच्यासमोर उभी राहून खिदळायची. अध्यक्ष मात्र तापले. "हे संग्रहालय आहे की मंडप डेकोरेटर?" तुम्ही म्हणालात, "डेकोरेटरकडे जातं नसतं. चौकशी केलीय मी."

मग ती रीतच पडली. लग्नसराईत लोक जात्यासाठी यायचे. जातं पोचवायला तुम्ही नेहमी बरोबर जायचात, आणि ओझं उचलायला मी. स्टँडवरचा रिक्षावाला आपल्याला बघून म्हणायचा, "मॅडम, परत दगड?" खडकपाड्याच्या त्या इमारतीत लिफ्ट केकाटायला लागली. तुम्ही मला बाहेर काढलंत आणि जातं घेऊन वर गेलात. मी जिन्यानं धापा टाकत पोचलो तेव्हा दारातच बोलाचाली चालू होती. नवरीची आत्या तुम्हाला बाजूला घेऊन सांगत होती, अगदी गोड आवाजात, की दळायला सवाष्णीच बसतील, तुम्ही आपल्या सोफ्यावर बसा, सरबत घ्या. तुम्ही तिचं सगळं ऐकून घेतलंत. मग म्हणालात, "सावंत, उचल. परत न्यायचंय. जातं आणि मी एकत्रच येतो."

मग नवरी मुलगीच आतून आली, तुमचा हात धरला आणि तुम्हाला जात्यासमोर बसवलं. पहिली मूठ तुम्ही टाकलीत. तुमच्या कपाळावर त्या मुलीनं हळदीचं बोट ओढलं ते तुम्ही घरी जाईपर्यंत पुसलं नाहीत. मोहन्याला कारखान्याच्या चाळीत तुमचे यजमान गेल्यानंतर तुमच्या कपाळाला कुणी बोट लावलं नव्हतं, हे तुम्ही मला परतताना सांगितलंत. सांगताना रस्त्याकडे बघत होतात.

खुंटा हरवला तो टिटवाळ्याच्या लग्नात. त्या घरच्या पोरांनी घाबरून एक स्टंप करवतीनं कापला, ठोकून बसवला आणि जातं परत आणलं. मी कपाळावर हात मारला. तुम्ही मात्र हसून हसून खुर्चीत बसलात. "राहू दे. हाही त्याचाच इतिहास. शंभर वर्षांनी कुणीतरी विचारेल, दळता दळता क्रिकेट खेळायचे का हे लोक?"

आणि व्हार्निश. बाई, व्हार्निशचं मी विसरायला तयार आहे, पण तुम्ही विसरू दिलं नसतंत. मुंबईहून तपासणीला माणसं येणार होती. मला वाटलं, दगडी वस्तू जरा उठून दिसाव्यात. आपल्याकडे एखादी वस्तू जपायची म्हणजे तिला रंग काढायचा, हेच मी लहानपणापासून बघत आलोय. सगळ्या दगडांना व्हार्निशचा हात मारून घेतला. जातं आरशासारखं चमकायला लागलं. तुम्ही आलात, चष्मा वर केलात, खाली केलात.

"सावंत, जात्याला नेलपॉलिश लावलंस?"

मग पाथरवट शोधणं आलं. छिन्नीनं खरबरीत करून, म्हणजे टाकी लावून घेतल्याशिवाय दगड पुन्हा दळणार नव्हता. हॉलभर टाकीचा टणटण आवाज, खालच्या वाचनालयातून तक्रारी, आणि माझ्या नाकात व्हार्निशची भुकटी. टाकी लावल्यावर पहिलं दळण टाकून द्यायचं असतं, कारण त्यात दगडाची कच येते. ते दळण तुम्ही मला घालायला लावलंत. "तू लावलंस, तूच काढ." मी मांडी घालून बसलो. हात लगेच भरून आले. मी म्हटलं, बाई, निदान ओवी तरी म्हणा.

"मला ओव्या येत नाहीत," तुम्ही म्हणालात. "मला हजेरी येते."

आणि आमच्या वर्गाची हजेरी घ्यायला सुरुवात केलीत, जात्याच्या लयीत. अहिरे, आगासकर, कदम, काझी. गायकवाड, डिसोझा, तरे, नाईक. एका फेऱ्याला एक नाव. इतक्या वर्षांनी एकही नाव चुकलं नाही. माझं नाव आलं तेव्हा मी दमून थांबलो होतो. "सावंत," तुम्ही पुन्हा म्हणालात. "हजर," मी म्हटलं. "मग दळ."

आपला एक वाद राहूनच गेला. मी म्हणायचो, वापरलेली वस्तू झिजते. आज कड उडाली, उद्या तळी फुटेल, मग पुढच्या पिढीला काय दाखवणार? तुम्ही म्हणायचात, झिजू दे, दळण्यासाठीच घडवलंय ना ते. मी म्हणायचो, असं असेल तर तोफगोळाही द्या उसना. तुम्ही म्हणायचात, "देते की. अध्यक्षांकडे काही कार्य आहे का?" मी हसायचो आणि वाद तिथेच सुटायचा. खरं सांगतो, मला अजूनही सगळं पटलेलं नाही. पोर्तुगीजांच्या कौलांचे तुकडे मी कुणाच्या घरावर चढवू देणार नाही. जातं एक दिवस फुटेल, हेही मला माहीत आहे. तुम्ही असतात तर आज आपण भांडलो असतो, आणि या वेळी मी हसून सोडून दिलं नसतं.

डोंबिवलीच्या एका जिन्यात वरच्या तळीची कड उडाली, तेव्हा अध्यक्षांना निमित्त मिळालं. यापुढे कुठलीही वस्तू बाहेर द्यायची नाही, असा ठराव सभेत आला. अनुदानाचा प्रस्ताव वर गेलेला होता. मला वाटलं, आत्तापुरतं होऊ दे, मग बाईंना समजावू. हात वर करा म्हणाले. शाळेत तुम्ही आम्हाला सांगायचात, बाकीचे करतायत म्हणून हात वर करू नका, उत्तर येत असेल तरच करा. मी हात वर केला. तुम्ही समोर बसला होतात. चष्म्यावरून बघितलंत आणि त्याच आवाजात विचारलंत, "उत्तर येतंय का, सावंत?"

सगळे हसले. मीही हसलो. हात मात्र तसाच वर ठेवला.

यावर तुम्ही मला पुढे एक शब्द बोलला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही नेहमीसारख्या येत राहिलात, धूळ झटकत राहिलात, मुलांना वस्तू दाखवत राहिलात. आणि मग एक दिवस आला नाहीत. कल्याणच्या हॉस्पिटलात मी रोज यायचो. आपण सगळ्या गोष्टी बोललो: शेजारच्या खाटेवरच्या आजींचं घोरणं, तिथला पांचट चहा, नर्सबाई तुमचीच विद्यार्थिनी निघाली ते. तिला तुम्ही पाढे विचारलेत. त्यातच तुम्ही मध्येच म्हणालात, "हिराबाईंच्या नातीचं ठरलं का रे?"

ठरलं होतं, बाई. हिराबाईंचा फोन त्याच आठवड्यात आला होता. "पोरीचा लगीन हाय. जातां कवा आनता?" मी त्यांना नीट उत्तर दिलं नव्हतं. आणि तुम्हाला ठरलं म्हटलं असतं, तर तुमचा पुढचा प्रश्न काय असेल, हे मला माहीत होतं.

मी म्हटलं, "अजून नाही."

"ठरलं की सांग," तुम्ही म्हणालात आणि डोळे मिटलेत. त्यानंतर तुम्ही माझ्याशी बोललात ते फक्त पाणी मागायला.

या लेखात तुमची क्षमा मागावी असं पहिल्यांदा मनात होतं. चार ओळी लिहिल्याही, आणि खोडल्या. माफी मागून मी मोकळा झालो असतो, आणि जातं पेटीत गेलं असतं. तुम्ही वर्गात कुणालाही "सॉरी बाई" म्हणून खाली बसू द्यायचा नाहीत. "सॉरी नको. गणित करून दाखव."

अनावरण परवा आहे. पाहुण्यांना तोच दिवस सोयीचा होता. हिराबाईंच्या नातीचं लग्नही परवाच आहे. हे मी सभेत कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

आज सकाळी मी खण उघडला. अध्यक्षांनी सुताराकडून करून घेतलेला सागवानी खुंटा, चांगला घोटून पुराणा दिसेल असा केलेला, जात्यातून उपटला आणि तुमचा स्टंप ठोकून बसवला. तळ्या एकेक करून खाली नेल्या. स्टँडवरचा रिक्षावाला म्हणाला, "साहेब, आज मॅडम नाय?" मी म्हटलं, "मॅडमनीच पाठवलंय." त्यानं एक तळी स्वतः उचलून आत ठेवली.

हिराबाई आता त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये, बऱ्याच वरच्या मजल्यावर राहतात. लिफ्ट या वेळी केकाटली नाही. हॉलमधलं सामान भिंतीला सरकवून मधे चटई घातली होती. गावातल्या बायका जमल्या होत्या. लग्नाचे धवले गाणारी म्हातारी पान लावत बसली होती. जातं बघताच हिराबाई उठल्या, वाकल्या, तळीवरून हात फिरवला. उडालेल्या कडेवर बोट थांबलं, आणि मग स्टंपवर.

"या काय?"

"स्टंप आहे."

"बरा हाय. धराला जारा हाय." स्टंपची जाडी मुठीत धरून बघितली. मग माझ्या पाठीमागे दाराकडे बघत त्यांनी विचारलं, "बाय नय आली?"

मी सांगितलं. त्यांनी पदरानं तोंड पुसलं, चटईवर एका बाजूला बसल्या आणि समोरच्या जागेवर थाप मारली.

"बायनं शबूद दिलता. ती नय तं मंग तू दल."

बायका हसायला लागल्या. "अगो, बाप्या मानूस हलद दलील?" एकजण म्हणाली, "दलू दे, पोट कमी होल त्याचा." गाणाऱ्या म्हातारीनं पान गालात सरकवलं आणि म्हणाली, "बस रे बाला. मी गातंय, तू फिरव." नात आतून आली. गोळा चोखणारी ती मुलगी आता बँकेत नोकरी करते. तिनंच हळकुंडांची मूठ माझ्या ओंजळीत दिली. "काका, हळू. बाई सांगायच्या, पहिली मूठ थोडी टाकायची." तुम्ही तिला कधी भेटलात, बाई? मला कधी बोलला नाहीत. नंतर कळलं, ती शाळेतून मैत्रिणींना घेऊन जातं बघायला यायची, आणि तुम्ही तिला सांगायचात, हे तुझं आहे.

मी स्टंप धरला. म्हातारीनं धवला उचलला. तिचे शब्द मला येत नव्हते. मी ओठांतल्या ओठांत मला येत होतं ते म्हटलं. अहिरे, आगासकर, कदम, काझी. हळद फुटायला लागली तसा वास घरभर झाला. गायकवाड, डिसोझा, तरे, नाईक. माझं नाव आलं तेव्हा मी थांबलो नाही.

अध्यक्षसाहेब, स्मरणिका तुमच्या हातात असेल आणि तुम्ही त्या पेटीसमोर उभे असाल, म्हणून दोन शब्द तुमच्यासाठी. जातं चोरीला गेलेलं नाही. ते त्याच्या घरी गेलंय, शब्द दिल्याप्रमाणे. लग्न झालं की मी ते स्वतः परत आणीन, आणि पुढचं कुणी मागायला आलं की पुन्हा देईन. ठरावाला मी हात वर केला होता. तो हात मी आज खाली घेतला. चिटणीसपद हवं तर काढून घ्या. किल्ल्या टेबलावर आहेत. पितळी अक्षरं मात्र ठेवा, नाव बरोबर लिहिलंय. आणि पाहुण्यांना परत पाठवू नका. पेटीवरचा पडदा जरूर ओढा. आत बघण्यासारखं आहे.

बाई, तुमचा पुठ्ठा मला कपाटाच्या मागे सापडला. त्याच्या एका कोपऱ्याला हळदीचा अंगठा आहे, तुमचा की कुणा नवरीचा कोण जाणे. मी काच पुसली आणि तो पेटीत मधोमध उभा केला. थर्माकोल काढायचा राहिलाय, तो उद्या काढतो.

तुम्ही म्हणाला होतात, ठरलं की सांग.

ठरलं, बाई. परवा आहे. जातं लग्नाला गेलं आहे.